नागपूर युनिव्हर्सिटी, अमरावती रोड कॅम्पस : एमएस्सीवाल्यांसाठी रिव्ह्यू, रूम आणि मेससकट

पाचपैकी चार. कापलेला एक स्टार कॅम्पसचा नाही, आजूबाजूच्या प्रायव्हेट हॉस्टेलवाल्यांचा आहे, ते खाली येईलच. मी बॉटनीतून एमएस्सी केलं, घर भंडारा जिल्ह्यात, आणि सध्या मामेबहिणीच्या अ‍ॅडमिशनसाठी परत सगळीकडे फिरून राहिलेय म्हणून ताजं ताजं लिहितेय.

आधी कागदाचं बघून घ्या. २००५ पासून नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, पण ऑटोवाल्या भाऊला एवढं सांगत बसू नका, "कॅम्पस" म्हटलं की कळतं. युनिव्हर्सिटी १९२३ ची आहे, शंभरी होऊन गेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली कॉलेजं हिच्याकडे, चंद्रपूर-गडचिरोली २०११ ला गोंडवाना विद्यापीठात गेले. आता गंमत अशी की घरातले काका-मामा जो सल्ला देतात तो त्यांच्या काळातल्या नकाशावरून देतात. एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) म्हणजे युनिव्हर्सिटीचं कॉलेज असं आमच्याकडे अजून बोलतात, १९४२ ची संस्था आहे ती, पण २०२३ पासून ती स्वतःच वेगळी युनिव्हर्सिटी झालीये. रामदेवबाबा इंजिनिअरिंग कॉलेजचंही तेच, कॉलेजची युनिव्हर्सिटी झाली. आणि जे ऑटोनॉमस लिहितात तिथे सिलॅबस आणि पेपर कॉलेजचा, डिग्री मात्र विद्यापीठाची. म्हणून होर्डिंगवर काय लिहिलंय ते सोडा, डिग्रीवर कोणाचं नाव येणार एवढं तोंडावर विचारा. बहिणीसोबत एका कॉलेजात गेले होते (नाव नाही घेत), तिथल्या मॅडमनी अर्धा तास एसी सेमिनार हॉल दाखवला, लॅब दाखवा म्हटलं तर चावी सापडेना!

तर डिपार्टमेंट. सायन्सचे बरेचसे विभाग याच कॅम्पसवर आहेत, मोठा परिसर, झाडं भरपूर, एका बिल्डिंगीतून दुसरीकडे जाईपर्यंत उन्हाळ्यात डोकं तापतं. अफिलिएटेड कॉलेजात एमएस्सी केलेल्या मैत्रिणी आहेत माझ्या, त्यांचं वाईट झालं असं बिलकुल नाही, पण तिथे ज्युनियर कॉलेजपासूनची गर्दी असते आणि पीजीवाले कोपऱ्यात, इथे उलट आहे, सगळेच पीजी नाहीतर पीएचडीवाले. पीएचडी करणाऱ्या ताई-दादांच्या शेजारी बसून काम करायला मिळतं आणि अर्धी एमएस्सी तुम्ही त्यांच्याकडूनच शिकता, मायक्रोटोम (पातळ काप घ्यायचं यंत्र) कसा धरायचा, हर्बेरियम शीटवर वाळवलेलं रोप चिकटवताना पान उलटं का ठेवायचं, नेट-सेटला कुठला युनिट सोडला तरी चालतो, सगळं. मराठी मिडियमवाल्यांनो घाबरू नका, सेमिनार इंग्लिशमध्ये द्यावा लागतो पण शंका मराठीत विचारली तर उत्तर मराठीत येतं. बालाघाट-छिंदवाड्याकडची मुलंही वर्गात होती, त्यामुळे कट्ट्यावर हिंदी आणि मराठीची जी खिचडी चालते ती कोणालाच खटकत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हा कॅम्पस गेटपाशी संपत नाही, आणि सायन्सवाल्यांसाठी नागपूर निवडायचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे, पण कोणी सांगतच नाही बाप्पा. याच अमरावती रोडवर पुढे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे, म्हणजे देशभरच्या मातीचे नकाशे करणारी संस्था, त्याच रस्त्यावर आणखी पुढे लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, संत्र्याचं सगळं काम तिथे चालतं. वर्धा रोडकडे कापूस संशोधन संस्था. गावात नीरी, हवा-पाणी-सांडपाण्यावर काम करणारी, १९५८ ची. सेमिनरी हिल्सला जिऑलॉजिकल सर्व्हेचं ऑफिस, सिव्हिल लाइन्सला खाण ब्युरोचं मुख्यालय. एवढ्या केंद्राच्या संस्था एका शहरात, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या एमएस्सीत पहिल्या वर्षीच रिसर्च मेथडॉलॉजी, मग ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), मग दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट, म्हणजे तुम्हाला बाहेर कुठेतरी काम करावंच लागतं. ज्या गावात नुसतं कॉलेज आहे तिथली मुलं ओजेटीला सर्टिफिकेट देणारं दुकान शोधतात. इथे निदान दार वाजवायला दारं आहेत. ती आपोआप उघडत नाहीत हेही सांगते, जागा थोड्या, मेलला उत्तर येत नाही, डिपार्टमेंटचं पत्र घेऊन समोर जाऊन उभं राहावं लागतं आणि पहिल्या सेमिस्टरपासूनच विचारायला लागावं लागतं. माझ्या बॅचमधली जी मुलं असं करून कुठेतरी आत शिरली त्यांच्या बोलण्यात सहा महिन्यांत फरक पडला, सेमिनारला उभी राहिली की कळायचं. म्हणून डिपार्टमेंट बघायला गेलात तर मागच्या वर्षीच्या मुलांनी प्रोजेक्ट कुठे केले ते विचारा, फी आणि कटऑफ तर वेबसाइटवर पण दिसतो.

ज्यांना कॅम्पसवर कंपनी येऊन ऑफर लेटर हातात देणार असं वाटतं त्यांनी साध्या एमएस्सीकडून ती अपेक्षा ठेवूच नये, कुठल्याच युनिव्हर्सिटीत. आणि चोवीस तास हॉस्टेल-लायब्ररी-कँटीनवालं लाइफ पाहिजे असेल तर ते व्हीएनआयटीला, नाहीतर मिहानमधल्या आयआयएम-एम्सला, वारंग्याच्या ट्रिपल आयटी नि लॉ युनिव्हर्सिटीला. पण त्या बाहेरच्या बाजूवाल्या पोरांना बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या मेन बाजारात, यायचं म्हणजे दौरा काढल्यासारखं असतं, आपण मात्र शहरातच.

आता रूम. रविनगर, भरतनगर, फुटाळा तलावाकडची बाजू, हा पट्टा चालत जाण्यातला. भाडं इथे जरा जास्त, म्हणून मुलं स्वस्त बघून लांब राहतात आणि मग अमरावती रोडवर मेट्रो नाही हे कळतं. मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन शंकरनगर, एलएडी चौकाकडून हिंगण्याकडे निघून जाते, उतरून परत ऑटो करावा लागतो. बर्डीहून वाडीकडे जाणारी आपली बस कॅम्पससमोरून जाते पण दहाच्या प्रॅक्टिकलला तिच्या भरवशावर राहू नका. फ्लायओव्हरच्या कामाची धूळ आमच्या बॅचने मनसोक्त खाल्ली. भंडाऱ्याहून अपडाऊन करणाऱ्या पोरी पण आहेत, २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर घरचे म्हणतात कशाला रूम पाहिजे, जाऊन ये की. बीएस्सीला ठीक आहे हो, एमएस्सीला संध्याकाळी लॅबमध्ये थांबावं लागतं तेव्हा शेवटच्या गाडीकडे डोळे लागलेले असतात.

मी ज्या हॉस्टेलला राहिले तिथे जुलैत सगळं छान होतं. खिडकी, टेबल, वायफाय, गोड बोलणाऱ्या काकू. मार्च लागला आणि कूलर लावायचा म्हटलं तर वेगळे पैसे, पाणी भरायला परवानगी फक्त सकाळी, आणि रात्री अकराला लाइटबिलाच्या नावाखाली कॉमन बटन बंद. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि आपली समर परीक्षा नेमकी तेव्हाच असते, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पेपरचा अभ्यास केला आम्ही. डिपॉझिट परत मागायला गेलो तर भिंतीला खिळ्याचं भोक दाखवलं. त्यामुळे रूम बघताना वायफायचा पासवर्ड नंतर विचारा, कूलरची खिडकी कुठे, पाणी किती वाजता, आणि डिपॉझिटची पावती मिळते का हे आधी.

मेसचं काय सांगू, वांगं आणि आलू, आलू आणि वांगं. रविवारी पुरीभाजी किंवा पुलाव, संध्याकाळी सुट्टी. डबा देणाऱ्या एक काकू मिळाल्या नंतर, भाकर आणि मुगाच्या वड्यांची भाजी करायच्या, तेव्हा कुठे अंगाला लागलं. सकाळी तर्री पोहे (वरून झणझणीत रस्सा) खाऊन लेक्चरला गेलात तर पहिल्या तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवा.

पैशाचं थोडं. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना स्वाधार योजनेत नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजारापर्यंत मिळतात, अटी आहेत पण फॉर्म भराच. मुलींना फी माफ झाली असं गावात सगळे सांगतात, ते २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सेससाठी आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्यांना. साध्या एमएस्सीला ते धरून चालू नका, महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपचं पोर्टल) आपल्याला काय लागू आहे ते वेगळं बघा. जातपडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला जूनच्या आत काढून ठेवा, नंतर सेतूत उभं राहायला जागा नसते.

बाकी विरंगुळा म्हणाल तर फुटाळा जवळच आहे, परीक्षा संपली की सगळी बॅच तिथे कणीस खाताना दिसते. पण मला जास्त आवडायची दीक्षाभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वेळेची. लाखो लोक येतात आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात, इतके की एका दिवसात बघून होत नाहीत, आणि गावाकडून आलेली म्हातारी माणसं पिशवी भरून पुस्तकं घेऊन जाताना बघितली की आपण पीडीएफवर पास होतोय याची लाजच वाटते थोडी. मी स्पर्धा परीक्षेची बरीच पुस्तकं तिथूनच उचलली, स्वस्तात.

बहिणीने कॅम्पसचाच फॉर्म भरलाय, दुसरा पर्याय म्हणून गावातलं एक कॉलेज ठेवलंय. रूम अजून मिळाली नाही. रविनगर किंवा भरतनगरला मुलींसाठी, दोघींत एक, कूलरचे वेगळे पैसे न घेणारी रूम कोणाला माहीत असेल तर सांगा, ब्रोकर नको.