जुनी इस्टेट गाडी घेऊन अकरा महिने झाले

घरात आम्ही पाच जण: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. शिवाय आईची घडीची व्हीलचेअर, म्हणजे सहावं माणूसच. आधीच्या हॅचबॅकमध्ये खुर्ची डिकीत गेली की उरलेलं सामान मुलांच्या मांडीवर यायचं. म्हणून नऊ वर्षं जुनी, १,३८,००० किलोमीटर चाललेली डिझेल इस्टेट घेतली, म्हणजे छत सरळ मागेपर्यंत गेलेली, लांब डिकीची गाडी. तेव्हापासून तिच्यावर आम्ही आणखी १४,००० काढलेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातलं बरंचसं कुठल्याही जुन्या इस्टेटला लागू पडेल.

ब्रिटनमध्ये हिला इस्टेट म्हणतात, अमेरिकेत स्टेशन वॅगन, जर्मनीत कोम्बी. आमच्या धाकटीनं पहिल्याच दिवशी ‘लांबडी’ म्हटलं आणि घरात तेच राहिलं.

घेण्याआधी मी डिकीचे लिटर पाठ करत बसलो होतो. ते लिटर मोजतात कसे हे नंतर कळलं. जर्मन व्हीडीए पद्धतीत २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे ठोकळे डिकीत रचतात, एक ठोकळा म्हणजे एक लिटर. चाकाच्या कमानीमागच्या कोनाड्यात बसलेला ठोकळाही हिशेबात येतो. व्हीलचेअरचे काही ठोकळे करता येत नाहीत. त्यामुळे शेवटी मोजपट्टी घेऊन गेलो. डिकीचा उंबरा जमिनीपासून ६१ सेंटिमीटर, आणि आतला तळ उंबऱ्याच्याच पातळीत. सतरा किलोची खुर्ची पुढची चाकं उंबऱ्यावर टेकवून आत ढकलायची, बस्स. त्याच आठवड्यात एक एसयूव्ही पाहिली होती, तिचा उंबरा माझ्या कमरेच्या जरासाच खाली होता. दिवसातून चार वेळा चढ-उतार करायची असेल तर हा फरक पाठीला बरोबर समजतो.

एक समज मात्र साफ चुकला. गाडी लांब, म्हणजे मागची सीट ऐसपैस असणार असं वाटलं होतं. लांबी सगळी डिकीत गेलीय, रुंदी आहे तेवढीच. लहान मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक फक्त दोन्ही कडेच्या जागांना. एका बाजूला धाकटीची सीट, दुसऱ्या बाजूला थोरला, आणि मधे पायाखालच्या उंचवट्यावर गुडघे वर करून बायको. तासाभरानंतर ती जे बोलते ते इथे लिहीत नाही. आई पुढे बसते, पण सीट खाली असल्यामुळे उतरताना तिला त्रास होतो. सीटची उंची पूर्ण वर करून ठेवलीय, आणि आधी दोन्ही पाय बाहेर काढून मगच उठायचं अशी सवय लावलीय. गुडघेदुखीचं माणूस घरात असेल तर त्यांना घेऊन जा, बसवा, उतरवा, मगच व्यवहाराचं बोला.

आता माझी चूक. तपासणीचा सगळा वेळ मी पुढच्या बॉनेटखाली घालवला. तेल बघितलं, थंड इंजिन सुरू करून धूर बघितला. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नव्हती, म्हणून तो घेतल्याबरोबर बदलून टाकला. पण इस्टेट जगते मागच्या अंगानं, आणि तिचा खरा इतिहास तिथेच सापडतो. विकणारा म्हणाला, ‘घरगुती वापर.’ पहिल्या रविवारी डिकीचं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खड्ड्यात मूठभर लाकडाचा भुसा आणि सात स्क्रू. त्या घरात बरंच फर्निचर झालं असावं! मागच्या स्प्रिंगा का बसल्यात, तेही तेव्हा उमगलं. दोन महिन्यांत त्या बदलाव्या लागल्या. मागच्या टायरांच्या आतल्या कडा झिजल्या होत्या, त्याही उभ्यानं बघून दिसल्या नव्हत्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे तेवढे वाचले होते. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा, म्हणून खूश होतो.

चौथ्या महिन्यात डिकीत कुबट वास यायला लागला. पाऊस नसतानाही खड्ड्यात बोटभर पाणी. आधी दाराच्या रबरावर संशय घेतला, नवं रबर बसवलं, पाणी तसंच. मेकॅनिकनं मला मागच्या काचेचा वॉशर दाबायला लावला आणि स्वतः मागे उभा राहिला. काचेवर थेंब नाही. पाण्याची नळी छतातून मागच्या दारात जाते, ती बिजागरीजवळच्या रबरी नळकांड्यात सांध्यावर निसटली होती. दर वेळी वॉशर दाबला की पाणी आतल्या अस्तरामागून थेट खड्ड्यात. त्याच नळकांड्यातून वायरीही जातात. दार उघड-बंद होऊन त्यातली एक तुटायला आली होती, नंबरप्लेटचा दिवा अधूनमधून जायचा तो त्यामुळेच. गाडी बघायला गेलात तर मागचा वॉशर दाबा आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. दोन मिनिटांचं काम आहे.

डिझेलबद्दल माझं मत आता बदललंय. शाळा, बाजार, फिजिओथेरपी अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत धूर गाळणारा डीपीएफ पुरेसा तापत नाही, साठलेली काजळी जळत नाही, आणि मग दिवा लागतो. आमचा दोनदा लागला. दोन्ही वेळा हमरस्त्यावर अर्धा तास सलग चालवल्यावर गेला. लांब धावेल तेव्हा ती लिटरला अठरा किलोमीटर देते आणि वळणावर झोकांड्या खात नाही, पण आमचं रोजचं काम तसं नाही. पुन्हा घेतली तर पेट्रोलच.

भरल्या गाडीत टायरची हवा वेगळी लागते, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो. हेडलाइटचा झोत खाली करायचं चाक स्टिअरिंगच्या डावीकडे आहे, हे मला समोरच्यांनी डिपर मारून शिकवलं. डिकीवरचा गुंडाळता येणारा पडदा आमच्या गाडीला नव्हताच. सुटा घ्यायला गेलो तर किंमत ऐकून परत आलो. सामानाची जाळी मात्र घेतलीच, कारण जोरात ब्रेक लागला की सुटी खुर्ची पुढे कुणाच्या तरी मानेवर येणार.

थंडीत मागच्या दाराचे गॅसचे दांडे दम सोडतात. गार हवेत आतला दाब उतरतो, आणि पहाटे दार हळूच खाली येऊन टाळक्यात बसतं. दोनदा बसलं. नवे दांडे आणून ठेवलेत, या रविवारी बसवीन. तोवर आत वाकताना थोरला दार धरून उभा राहतो.