माणूस आणि प्राणी यांच्यातली पुसट रेघ : एका ध्वनिव्याख्यानमालेविषयी

साहित्यात आणि रंगभूमीवर माणूस कुठे संपतो व प्राणी कुठे सुरू होतो, या प्रश्नाभोवती गुंफलेली सहा भागांची ही व्याख्यानमाला मी दोनदा ऐकली आणि दुसऱ्यांदा ती अधिक भावली. एका सकाळी कीटक होऊन जागा झालेल्या ग्रेगोरची गोष्ट सांगणाऱ्या काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या कथेवरचा भाग सर्वांत मोलाचा आहे. मुखपृष्ठावर तो कीटक काढू नये, दुरूनही दाखवू नये, असे काफ्काने १९१५ साली प्रकाशकाला कळवले होते. या एका तपशिलातून व्याख्यात्या बाई शब्दांची ताकद उलगडत नेतात. वाचकाच्या मनात ग्रेगोर कधीच पुरता कीटक होत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मनापासून पटले.

रंगभूमीला ही मुभा नाही, कारण तिथे देह समोर उभा असतो. माणसे एकामागून एक गेंडे होत जातात अशा आयनेस्कोच्या ‘ऱ्हिनोसेरॉस’ या नाटकातला ज्याँ पुन्हा पुन्हा न्हाणीघरात जातो आणि दर वेळी अधिक हिरवट, अधिक घोगरा होऊन परततो, त्या प्रवेशाचे विवेचन ऐकताना अंगावर काटा आला. ‘वॉर हॉर्स’ या नाटकातला बाहुलीघोडा चालवणारी माणसे डोळ्यांसमोर असूनही घोड्याचा श्वास खरा वाटतो, हेही त्या सुरेख मांडतात.

कर्नाडांच्या ‘हयवदन’ला मात्र जेमतेम काही मिनिटे मिळाली, याची खंत वाटते. संपूर्ण घोडा झाल्यावरही ज्याचा माणसाचा आवाज लगेच सुटत नाही, त्या घोड्याच्या तोंडाच्या हयवदनाला एक स्वतंत्र भाग द्यायला हवा होता. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. नाटकाच्या विद्यार्थ्यांनी काफ्काच्या भागापासून सुरुवात करावी.