व्हिज्युअल बेसिक ६, आठ महिन्यांनंतर: आयआयएफने खाल्लेले दोन दिवस

मागच्या आठवड्यात महिन्याचा रिपोर्ट 'ओव्हरफ्लो'वर आपटला नसता, तर हे लिहायला बसलो नसतो. एका जुन्या प्रोग्रामची देखभाल अंगावर आली, तेव्हापासून व्हिज्युअल बेसिक ६ ही १९९८ ची प्रोग्रामिंग भाषा रोज वापरतोय.

एरर ६, म्हणजे संख्या मावली नाही. म्हणून मोठी संख्या शोधत बसलो. इंटिजर हा पूर्णांकांचा प्रकार ३२,७६७ च्या पुढे जात नाही, म्हणून सगळी व्हेरिएबल्स त्याहून मोठ्या लाँग प्रकारची केली, मग डबल. एरर जागची हलेना. शेवटी सापडली ती सरासरीची ओळ: नोंदी शून्य असतील तर शून्य, नाहीतर बेरीज भागिले नोंदी. शून्याची काळजी तर घेतलेलीच होती! पण ती ओळ आयआयएफने लिहिलेली, म्हणजे अट पाहून दोन किमतींतली एक परत देणाऱ्या फंक्शनने, आणि आयआयएफ आधी दोन्ही बाजूंची किंमत काढतो आणि मग एक निवडतो. नोंदच नाही म्हणजे बेरीजही शून्य. आणि शून्याला शून्याने भागलं की ही भाषा एरर ११, 'डिव्हिजन बाय झीरो', देत नाही, 'ओव्हरफ्लो' म्हणते. ११ दिसली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. हा राग अजून गेलेला नाही.

आयआयएफवरचा मात्र ओसरला. ते साधं फंक्शन आहे, आणि फंक्शनच्या हातात किमती आधीच काढून द्याव्या लागतात. मदतीच्या पानावरही हे स्पष्ट लिहिलंय.

दोन अटी जोडणाऱ्या अँडला ही सूट मी देणार नाही. ऑब्जेक्ट नथिंग, म्हणजे रिकामा, नाही ना हे तपासून त्याच ओळीत अँडपुढे त्याची प्रॉपर्टी वाचली, तर नथिंग असतानाही उजवी बाजू चालते आणि एरर ९१ (ऑब्जेक्टच नाही) येते. इफच्या आत इफ लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. त्याहून घातक प्रकार इनस्ट्रिंगचा (InStr), म्हणजे मजकुरात शब्द कितव्या जागी आहे ते सांगणाऱ्या फंक्शनचा: एक शब्द १ल्या जागी सापडला, दुसरा २ऱ्या, आणि दोन्ही उत्तरं अँडने जोडली की येतं ०, म्हणजे 'खोटं', कारण अँड संख्यांचे बिट (० आणि १ चे अंक) जुळवतो आणि १ व २ मध्ये एकही बिट सामाईक नाही. इथे एररसुद्धा येत नाही, नुसतं चुकीचं उत्तर. प्रत्येकापुढे 'शून्यापेक्षा मोठं' लिहाच.

प्रोग्राम मध्येच थांबवून ओळ दुरुस्त करायची आणि तिथूनच पुढे चालवायचा, ही सोय मात्र मनापासून आवडली. परवा तसंच केलं: भागाकार असलेला प्रत्येक आयआयएफ मोडून सरळ इफ-एल्स लिहिला. रिपोर्ट निघाला.