‘ओन्ली द लोनली’ची साठाव्या वर्षाची आवृत्ती: काही महिन्यांच्या श्रवणानंतर

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा यांचा ‘ओन्ली द लोनली’ हा अल्बम कॅपिटल या ध्वनिमुद्रिका कंपनीने सप्टेंबर १९५८ मध्ये प्रकाशित केला. त्याला साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने २०१८ मध्ये दोन सीडींची नवी आवृत्ती निघाली. लॅरी वॉल्श यांनी ध्वनिमुद्रणाच्या मूळ फितींवरून केलेले नवे स्टिरिओ मिक्सिंग (डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत केलेली आवाजांची जुळणी), १९५८ चे मूळ मोनो मिक्सिंग (सगळे आवाज एकाच वाहिनीत) आणि काही अतिरिक्त ध्वनिमुद्रणे असे तिचे स्वरूप आहे. गेले कित्येक महिने ही आवृत्ती माझ्या नित्य ऐकण्यात आहे आणि तिच्याविषयीचे माझे मत आता बऱ्यापैकी स्थिरावले आहे. ही आवृत्ती मोनोसाठी घ्यावी. नवे स्टिरिओ मिक्सिंग चांगले आहे, काही गाण्यांत ते अतिशय सुंदर आहे. पण अल्बम म्हणून जी वस्तू आपण मनात धरून असतो, ती मोनोमध्येच पूर्णत्वाने भेटते.

मोनो आणि स्टिरिओ यांत एवढा फरक का पडावा, हे समजून घेण्यासाठी १९५८ साली परिस्थिती काय होती ते पाहावे लागते. स्टिरिओ तबकड्या तेव्हा नुकत्याच बाजारात येत होत्या आणि बहुतेक घरांत एकच स्पीकर असे. त्यामुळे निर्मात्यांचे आणि ध्वनिमुद्रकांचे खरे लक्ष मोनोकडेच होते; गायकाचा आवाज, व्हायोलिनांचा समूह, सुषिर म्हणजे फुंकून वाजवायची वाद्ये यांचा तोल एकाच स्पीकरमधून कसा लागतो याकडे पाहून निर्णय घेतले जात. त्या काळात कॅपिटलमध्ये स्टिरिओसाठी वेगळे मायक्रोफोन मांडून समांतर ध्वनिमुद्रण होत असे. गायन तेच आणि क्षणही तोच, पण कान दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेले. जुन्या स्टिरिओत गायक काहीसा दूर, मोठ्या दालनाच्या आत उभा असल्यासारखा का भासतो, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

त्या वेळच्या स्टिरिओ ग्राहकाला तर पूर्ण अल्बमही मिळाला नव्हता. मोनो तबकडीवर बारा गाणी होती, स्टिरिओवर दहाच. ‘इट्स अ लोनसम ओल्ड टाउन’ आणि ‘स्प्रिंग इज हिअर’ ही दोन गाणी स्टिरिओतून वगळली गेली होती. ज्या अल्बमचा सगळा भर एकाच मनःस्थितीत हळूहळू खोल उतरत जाण्यावर आहे, त्यातून दोन गाणी काढली की उरते ती निवडक गाण्यांची माला. नव्या आवृत्तीत बाराही गाणी दोन्ही मिक्सिंगमध्ये आहेत, हा तिचा साधा पण मोठा गुण आहे.

आता प्रत्यक्ष आवाजाविषयी. मी मध्यम आकाराच्या स्पीकरच्या जोडीवर आणि तारेच्या चांगल्या हेडफोनवर ऐकतो. दोन मिक्सिंगची तुलना करताना दोन्हींची पातळी कानाने सारखी करून घेतो, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि पुनर्प्रकाशनांच्या तुलनेत सर्वाधिक फसगत तेथेच होते. पातळी जुळवल्यावर मोनोचा पहिला गुण कानावर येतो तो म्हणजे गायकाचे अंतर. सिनात्रा यांचा खर्ज, शब्द संपताना घशात राहिलेली किंचित खरखर, ओळ सुरू करण्यापूर्वी घेतलेला श्वास हे सर्व तुमच्या आणि त्यांच्यामध्ये काहीच नसावे इतक्या जवळून येते. वाद्यवृंद त्यांच्या मागे आहे, पण तो दुबळा झालेला नाही. वाद्यसंयोजक नेल्सन रिडल यांनी या अल्बमसाठी सुषिर वाद्यांचा जो दाट, गडद रंग वापरला, तो मोनोमध्ये एकसंध राहतो. स्टिरिओमध्ये त्याचे घटक डावीकडे-उजवीकडे वेगळे दिसू लागतात. अभ्यासासाठी ते फार मोलाचे असले, तरी रंगाचा दाटपणा थोडा विरतो.

‘वन फॉर माय बेबी’ या गाण्यात हा फरक सर्वांत स्पष्ट होतो. बिल मिलर यांचा पियानो सुरुवातीपासून दूर, मद्यालयाच्या दुसऱ्या टोकाला वाजत असल्यासारखा ठेवलेला आहे आणि गायक मात्र अगदी समोर आहे. या दोन अंतरांमध्येच त्या गाण्याचे नाट्य आहे. मोनोमध्ये अंतर दाखवायला दिशा उपलब्ध नसते, म्हणून ते केवळ आवाजाच्या पातळीतून आणि अनुनादातून, म्हणजे आवाजाच्या घुमण्यातून, दाखवावे लागते, आणि येथे ते इतके नेमके साधले आहे की पियानो मागे आहे हे मनाला लगेच पटते. नव्या स्टिरिओतही पियानोचा हा दूरपणा जपला आहे, याबद्दल वॉल्श यांचे कौतुक केले पाहिजे. आधुनिक कानांना बरे वाटावे म्हणून पियानो पुढे ओढण्याचा मोह झाला असता, तर गाणे बिघडले असते.

‘एंजल आइज’मध्ये मात्र मला नवे स्टिरिओ अधिक आवडते, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. सिनात्रा हे गाणे मुखड्यापासून सुरू न करता मधल्या कडव्यापासून करतात, त्यामुळे ऐकणारा एकदम प्रसंगाच्या मध्ये जाऊन पडतो, आणि व्हायोलिनांचा विस्तार दोन्ही बाजूंना पसरला की तो प्रसंग अधिक मोठा होतो. ‘व्हॉट्स न्यू’मधील ट्रॉम्बोनही स्टिरिओत त्याच्या भोवतीच्या हवेसह ऐकू येतो. ध्वनिमुद्रणाच्या काही सत्रांच्या वेळी रिडल हे गायक नॅट किंग कोल यांच्याबरोबर दौऱ्यावर होते, त्यामुळे संचालनाची जबाबदारी फेलिक्स स्लॅटकिन यांनी घेतली. स्लॅटकिन स्वतः उत्तम व्हायोलिनवादक होते आणि तंतुवाद्यांमधील शिस्त ऐकताना ते वारंवार आठवते. ही शिस्त ऐकण्यासाठी स्टिरिओच लावावे.

अनुनादाविषयी दोन शब्द. कॅपिटलच्या हॉलिवूडमधील गोल इमारतीखाली जमिनीत काँक्रीटच्या बंद खोल्या बांधलेल्या आहेत. स्टुडिओतील आवाज स्पीकरवाटे अशा खोलीत सोडायचा, तेथे घुमलेला आवाज मायक्रोफोनने परत घ्यायचा आणि मूळ आवाजात हव्या तेवढ्या प्रमाणात मिसळायचा, अशी ती पद्धत होती. या काळातल्या कॅपिटलच्या गायकांभोवती जे मखमली वलय आहे, त्यात या खोल्यांचा वाटा मोठा आहे. नव्याने मिक्सिंग करणाऱ्याला हे वलय पुन्हा घालावे लागते आणि किती घालायचे हा त्याचा स्वतःचा निर्णय असतो. २०१८ च्या स्टिरिओत मला ते माफक वाटते. आवाज जुन्या स्टिरिओपेक्षा पुढे आणि स्वच्छ आहे. ज्यांना जुन्या तबकडीतील धूसर विस्ताराची सवय आहे त्यांना सुरुवातीला हे थोडे उघडे वाटेल. मला काही आठवड्यांनी त्याची सवय झाली आणि नंतर ते पसंतही पडले.

फितीवरील सळसळ या आवृत्तीत शिल्लक आहे, ही मी जमेची बाजू मानतो. याच अल्बमची एक जुनी सीडी माझ्याकडे आहे, तिच्यात सळसळ घालवण्याच्या प्रयत्नात गाण्यांच्या शेवटी मंद होत जाणारे सूर अकाली तुटतात आणि ड्रमवरील ब्रशचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतो. सळसळ आणि झांजेची चमक ध्वनीच्या एकाच पट्ट्यात राहतात. एक काढायला गेले की दुसरीला धक्का लागतोच. शांत प्रसंगांत ती ऐकू आली तरी काही मिनिटांत कान तिला बाजूला ठेवतात, पण तुटलेला सूर मात्र दर वेळी खटकतो.

मोनो म्हटले की आपल्याकडे बरेच श्रोते ते मागासलेले समजून स्टिरिओच्या शोधात निघतात. जुन्या हिंदी गाण्यांवर झंकाराचे ठेके चढवलेल्या कॅसेट ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना मूळ ध्वनिमुद्रणाला ‘सुधारण्या’चा परिणाम वेगळा सांगावा लागणार नाही. अमेरिकेतही साठच्या दशकात कॅपिटलने मोनो ध्वनिमुद्रणांवर ‘ड्युओफोनिक’ नावाची प्रक्रिया करून ती स्टिरिओसारखी भासवली होती. एका बाजूला तीव्र स्वर, दुसऱ्या बाजूला खर्ज आणि दोहोंमध्ये वेळेचा किंचित फरक असे तिचे तंत्र होते. १९५५ च्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’सारख्या मूळच्या मोनो अल्बमची अशी रूपे जुन्या बाजारात आजही आढळतात. ती टाळावीत. ‘ओन्ली द लोनली’चे स्टिरिओ मात्र खरे आहे, त्यामुळे येथे तो धोका नाही.

कॅपिटलच्याच घराण्यातील दुसरे उदाहरण म्हणून नॅट किंग कोल यांच्या अल्बमची अॅनालॉग प्रॉडक्शन्स या कंपनीने काढलेली पुनर्प्रकाशने सांगता येतील. स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे यांनी त्यांचे मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनापूर्वीचा आवाजाचा अंतिम संस्कार, केले आहे. त्यांतील आवाजाची ऊब आणि भरीवपणा २०१८ च्या सिनात्रा स्टिरिओपेक्षा मला अधिक वाटतो. ज्यांच्याकडे उत्तम यंत्रणा आहे आणि खर्चाची तयारी आहे, त्यांनी दोन्ही ऐकून पाहावीत.

मोनो केवळ हेडफोनवर ऐकणार असाल, तर आवाज डोक्याच्या मध्यभागी एका बिंदूत गोळा होतो आणि बराच वेळ ऐकल्यावर थकवा येतो. अशा श्रोत्यांनी स्टिरिओच लावावे. स्पीकरवर मोनो ऐकताना दोन्ही स्पीकर तुमच्यापासून समान अंतरावर हवेत, नाहीतर गायक एका बाजूला सरकतो आणि मोनोचा मुख्य गुणच हरवतो. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी गाणे लावण्यापूर्वी आवृत्तीचे पूर्ण नाव वाचावे, कारण एकाच मुखपृष्ठाखाली निरनिराळी मिक्सिंग असतात आणि वर्ष मात्र अनेकदा १९५८ दाखवलेले असते.

अतिरिक्त ध्वनिमुद्रणांत ‘लश लाइफ’चा प्रयत्न आहे. हे अवघड गाणे सिनात्रा यांनी सत्रात गायला घेतले आणि अर्ध्यावर सोडून दिले. अल्बममध्ये ते आले नाही. त्यांच्यासारखा गायक एखाद्या चालीत वाट शोधत असताना कसा थांबतो आणि पुन्हा कोठून सुरू करतो, हे यात ऐकायला मिळते. गाणे अपुरे असले, तरी केवळ त्यासाठीही ही आवृत्ती संग्रही ठेवावी असे मला वाटते.