ताठ अंगठा: बूट बदलावेत की ऑपरेशन करावं?

हे वाचत असाल तर तुमचा एक्स-रे बहुधा काढून झालाय. 'हॅलक्स रिजिडस', म्हणजे पायाचा ताठ झालेला अंगठा, हे नाव डॉक्टरांकडून ऐकून, घरी येऊन शोधून, थोडं घाबरूनही झालंय. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाचा सांधा का झिजतो, त्यावर हाडाचा उंचवटा का वाढतो, हे सगळं गाळतो. प्रश्न एवढाच आहे: बूट, इनसोल आणि जमवून घेणं यावर पळत राहायचं, की चायलेक्टमी, म्हणजे तो उंचवटा छाटायचं ऑपरेशन, करून टाकायचं?

मी दोन्ही केलंय. अडीच वर्षं बुटांवर काढली, मग डाव्या पायाचं ऑपरेशन केलं. त्यालाही आता दोन पावसाळे झाले. उजवा अंगठा त्याच वाटेवर आहे, पण तो अजून बुटांच्या भरवशावर आहे. म्हणजे सध्या माझ्या एका पायावर एक पर्याय आहे आणि दुसऱ्यावर दुसरा. याहून सोयीची तुलना मला करता येणार नाही.

मी शर्यती जिंकणाऱ्यांतला नाही. हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आसपास, वर्षात एक पूर्ण मॅरेथॉन, आणि महिन्यातून दोन-तीन रविवार आतकरवाडीतून सिंहगड. वय शेहेचाळीस. डॉक्टर नाही. पुढचं सगळं त्या मापाने घ्यावं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. या दुखण्याच्या श्रेणी ठरलेल्या आहेत, ० ते ४. २००३ पासून बहुतेक सर्जन तीच मोजपट्टी वापरतात. अंगठा पूर्ण वर वाकवल्यावर, म्हणजे टोकाला गेल्यावरच दुखत असेल तर छाटणीचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. अंगठा अर्ध्यातच हलवला तरी आत कळ येत असेल, तर सांध्यातली कूर्चाच, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, संपत आलेली असते आणि वरचं हाड छाटून फारसं काही हाती लागत नाही. मग गोष्ट फ्यूजनकडे, म्हणजे सांधा कायमचा जोडून टाकण्याकडे, जाते. माझा डावा दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या मध्ये कुठेतरी होता. तुमचा चौथीत असेल तर माझ्या अनुभवाचा तुम्हाला फार उपयोग नाही.

आता बूट. बुटांवर मला अन्याय करायचा नाही, कारण रस्त्यावर त्यांनी मला खरंच वाचवलं. होडीच्या तळासारखा पुढून उचललेला सोल, आत कडक प्लेट, म्हणजे पाऊल आपोआप पुढे घरंगळतं आणि अंगठ्याला वाकावंच लागत नाही. २०१७ नंतर कार्बन प्लेटचे बूट आले ते वेगासाठी, पण आमच्यासारख्यांना ते औषध म्हणूनच लागू पडले. अर्धा नंबर मोठा घ्यायचा, पुढचा भाग उंच हवा, आणि नाडी ओवताना उंचवट्यावरची भोकं सोडून द्यायची. हे शेवटचं मला एका सायकलवाल्या मित्राने सांगितलं, फुकट, आणि महागड्या इनसोलपेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला. माझी आजवरची सगळ्यात चांगली हाफ मॅरेथॉन याच काळातली आहे, ऑपरेशननंतरची नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज होईल.

एनडीए रोड, पुणे विद्यापीठाचं आवार, पाषाणकडची सपाट वळणं: इथे बूट पुरतात. चढावर पुरत नाहीत. सिंहगडाच्या वाटेवर टाच टेकतच नाही, सगळा भार चवड्यावर येतो आणि प्लेट कितीही कडक असली तरी दगडावर अंगठा वाकतोच. मग पाऊल नकळत बाहेर वळतं, कडेवर चालायला लागतं. माझ्या डाव्या बुटाचा सोल बाहेरच्या बाजूने असा झिजायचा की चांभाराने एकदा विचारलं, साहेब, हा पाय कुणाचा? पुढे घोट्याची बाहेरची बाजू धरली, मग गुडघा. मधे एक स्टिरॉइडचं इंजेक्शनही घेतलं. तीन महिने स्वर्ग, चौथ्या महिन्यात पुन्हा मूळपदावर.

एवढं होऊनही मी ऑपरेशन केलं नसतं. गडाऐवजी ताम्हिणीच्या रस्त्यावर सायकल हाणली असती. सायकलचा बूट तर मुळातच फळीसारखा ताठ, अंगठा बिचारा त्यात झोपूनच असतो. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, मी त्या काळात साडेतेरा तासांच्या मुदतीत आरामात पुरी केली होती.

निर्णय झाला तो घराच्या उंबऱ्यावर.

बुटांचा हा सगळा इलाज बुटात असतो, आणि आपण बूट दाराबाहेर काढतो. इतकी साधी गोष्ट, पण ती माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. परदेशी धावपटूंचे सल्ले वाचत होतो: अनवाणी चालू नका, घरातसुद्धा कडक सोलचं काहीतरी पायात ठेवा. ठीक आहे. पण रविवारी २१ किलोमीटर बिनतक्रार पळून आलेला माणूस शूरॅकपाशी बूट काढतो आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत लंगडत जातो, हे रोजचं झालं होतं. गुळगुळीत फरशी, त्यावर अनवाणी पाय, आणि प्रत्येक पावलाला अंगठा वाकणार. दिवसातले दोन तास बुटात आणि उरलेले घरात, मग दुखणं बरं कुठे होणार?

घरात घालायला म्हणून मी जाड सोलच्या चपला आणल्या. नव्याकोऱ्या, बाहेर पाऊल न टाकलेल्या, धुतलेल्या. पहिल्या दिवशी त्या घालून स्वयंपाकघरात गेलो. आई काही बोलली नाही, फक्त पायांकडे बघितलं आणि परत भाकरीकडे वळली. दुसऱ्या दिवसापासून मी त्या ओट्याच्या अलीकडे काढायला लागलो. देवघरापाशी काढायच्या, स्वयंपाकघरापाशी काढायच्या, पलंगाशी काढायच्या. म्हणजे घालायच्या कुठे, तर पॅसेजमध्ये. आणि हे झालं आपल्या घरी. सासुरवाडीला, मित्राकडे, गणपतीत दहा घरी दर्शनाला जाताना काय सांगणार? जमिनीवर पंगतीला बसून उठताना सगळा जोर अंगठ्यावर येतो. सूर्यनमस्कारात एक पाय मागे टाकला की तेच. आरतीला तासभर अनवाणी उभं राहायचं, तेही चवड्यावर भार नको म्हणून टाचेवर. मुलाने एकदा विचारलं, बाबा, तुम्ही पेंग्विनसारखे का उभे राहता?

डॉक्टरांना हे सांगताना मला थोडी लाज वाटत होती. मॅरेथॉनबद्दल बोलायला गेलेला माणूस फरशीबद्दल बोलतोय. ते म्हणाले, "तुम्ही पळता किती ते मला आता कळलं. घरात पायात काय असतं?" म्हटलं, काही नाही. त्यावर ते हसले आणि एक्स-रे पुन्हा दिव्यावर लावला.

ऑपरेशनचं वर्णन थोडक्यात. फक्त पायापुरती भूल, पाऊण तासाच्या आत काम, संध्याकाळी घरी. 'चायलोस' म्हणजे ग्रीकमध्ये ओठ. सांध्याच्या काठावर वाढलेला हाडाचा ओठ कापतात, त्यासोबत हाडाच्या डोक्याचा वरचा पाव-एक भागही. टाचेवर भार देऊन त्याच दिवशी चालता येतं, एका ओबडधोबड ताठ सँडलमध्ये. ही सँडल मात्र घरभर फिरली. आई स्वतःच म्हणाली, असू दे रे, दवाखान्याची आहे.

टाके दोन आठवड्यांनी निघाले. खरं काम त्यानंतरचं: अंगठा वाकवण्याचा व्यायाम, दिवसातून तीन-चार वेळा, सूज असताना. यात आळस केला तर जखमेचा व्रण आतून घट्ट होतो आणि टेबलावर मिळालेलं सगळं वाकणं निघून जातं. फिजिओथेरपिस्टबाई कनवाळू होत्या, पण अंगठ्याच्या बाबतीत नाही. निरोगी अंगठा वर साधारण ७० अंश वाकतो. माझा ऑपरेशनआधी मुलाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर वीसच्या आसपास भरला होता, आता पंचेचाळीस भरतो. ही मोजणी घरगुती आहे, पण आरतीला दोन्ही पायांवर सारखा उभा राहतो हे खरं.

गैरसोयींत सगळ्यात वर दुचाकी. डावा पाय म्हणजे गियरचा पाय. वरचा गियर टाकताना लिव्हर पावलाच्या नेमक्या त्याच जागी लागते जिथे टाके असतात. सहा आठवडे बायकोची स्कूटर, नाहीतर रिक्षा. कर्वे रोडवर संध्याकाळी साडेसहाला रिक्षा मिळवणं हा वेगळा लेख होईल. उजवा पाय असेल तर ब्रेकचा विचार करा, तो जास्त गंभीर आहे. पाय सुजायचा तो पाच-सहा महिने, विशेषतः संध्याकाळी. नवव्या आठवड्यात विद्यापीठात पहिले दोन किलोमीटर पळालो, चार महिन्यांनी गड. अंगठ्याच्या आतल्या कडेला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. तिथली बारीक नस छाटणीत दुखावते, कधीकधी परत येते, माझी आलेली नाही. पळताना जाणवत नाही, नखं कापताना जाणवते. खर्चाचं म्हणाल तर मेडिक्लेममध्ये बसलं. बुटांचं कुठल्याच मेडिक्लेममध्ये बसत नाही, आणि कार्बनवाले बूट किती लवकर मरतात हे तुम्हाला माहीत आहे.

आणि हो, सांधा नवा झालेला नाही. झीज आहे तिथेच आहे. डिसेंबरच्या पहाटे, पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉनच्या सुरुवातीला थंडीत उभं असताना, तो आठवण करून देतो. काही जणांना पुढे काही वर्षांनी फ्यूजन करावं लागतं, कदाचित मलाही लागेल. फ्यूजनमध्ये सांधाच कायमचा जोडून टाकतात. दुखणं जातं, वाकणंही जातं. हाड धरायला सहा ते आठ आठवडे, पळायला त्याहून बरेच महिने. फ्यूजननंतर मॅरेथॉन पळणारे लोक आहेत, पण जमिनीवर बसून उठणाऱ्या माणसाला ते कितपत मानवेल, मला शंका वाटते. कृत्रिम सांध्याच्या जाहिरातींना मी जरा लांबूनच नमस्कार करतो. कूर्चेच्या जागी बसवायचा एक छोटा ठोकळा अमेरिकेत २०१६ साली मान्य झाला होता, २०२४ मध्ये तो बाजारातून परत मागवला गेला. चायलेक्टमीत पायात काहीच ठेवलं जात नाही. उद्या फ्यूजन करायचं ठरलं तर ती वाट मोकळी राहते. मला हा मुद्दा फार वजनाचा वाटला.

म्हणून, तुम्ही तिशीत असाल, दुखणं फक्त लांब पळतीत होत असेल आणि एरवी पायाची आठवणही येत नसेल, तर बूट बदला आणि दोन-तीन वर्षं निवांत काढा. मीही हेच केलं आणि त्याचा पश्चात्ताप नाही. शर्यतीची वेळ सुधारावी म्हणून ऑपरेशन करू नये असं मला वाटतं, माझी सुधारली नाही. पण तुमचा दुखणारा वेळ बुटाबाहेरचा असेल, तर तिसरी-चौथी जोडी घेण्याआधी एकदा सर्जनला पाय दाखवा. दोघांना दाखवलात तर अजून बरं. एक जण छाटा म्हणाला आणि दुसरा जोडा म्हणाला तर दोघांना विचारा, का. मला त्या दोन उत्तरांतूनच माझा सांधा कळला.

वेळेचं म्हणाल तर जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन आटपून लगेच करावं. पट्टी ओली व्हायला पाऊस नसतो, उन्हाळ्यात तसंही कुणी लांब पळत नाही, आणि जूनमध्ये गड हिरवा व्हायला लागतो तोवर पाय तयार असतो.

उजव्याचं मी अजून ठरवलेलं नाही. तूर्तास एवढंच करतो: सकाळी उठल्यावर बाथरूमपर्यंत किती पावलं दुखतात ते मोजतो आणि कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहितो. डाव्याच्या शेवटच्या महिन्यात तिथे रोज अकरा असायचे, म्हणजे आमच्या पलंगापासून बाथरूमपर्यंतची सगळी. उजव्याचे गेल्या आठवड्यात चार होते, काल पाच.