पावसाळ्यात बोट काठावर: गुंडाळावी की शाकारावी?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. त्यामुळे मे सरता सरता नवी मुंबईत दिवाळे, सारसोळ्याच्या काठावर बोटी वर ओढल्या जातात. लाकडी किंवा फायबरच्या बोटीत गंजाचा प्रश्न खिळे, बोल्ट आणि इंजिनापुरता. पण बोटीचं बूडच लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं असेल, तर ताडपत्रीत घट्ट गुंडाळायची की वर छप्पर शाकारून बाजू मोकळ्या सोडायच्या, हे आधी ठरवा.

गुंडाळणं स्वस्त आणि झटपट. वाऱ्यात उडत नाही, जाता-येता कोणी आत हात घालत नाही. गोम आहे ती खाडीच्या मिठात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याखालीच. म्हणजे पावसाचा थेंब आत न येताही पत्रा ओला राहतो. उघड्या पत्र्यावरचं मीठ पाऊस निदान धुऊन तरी नेतो.

अ‍ॅल्युमिनियमला हे फार बाधतं. त्याच्यावरचा संरक्षक थर टिकायला हवा लागते. ओली ताडपत्री किंवा गोणपाट जिथे चिकटून बसतं तिथे पांढरी भुकटी धरते आणि तिच्याखाली खड्डे पडतात. लोखंड तांबडं होऊन बोंब तरी मारतं! बोट ओल्या ओंडक्यांवर टेकवली तरी तेच होतं. मध्ये पाणी न शोषणारं जाड रबर घाला.

छपराला बांबू, दोर, मजुरी लागते, आणि झोडपा आत येतोच. पण पुढचा भाग उंच ठेवून मागचं बूच काढलं की पाणी निघून जातं.

‘झिंक लावलंय’ म्हणून निर्धास्त राहू नका. बुडाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले हे जस्ताचे ठोकळे बूड पाण्यात असेपर्यंतच काम करतात.

माझं मत विचाराल तर अ‍ॅल्युमिनियमला छप्परच. लोखंडी बोटीचा रंग शाबूत असेल तर गुंडाळलेली चालेल, मात्र दोन्ही टोकं उघडी हवीत. पद्धत कुठलीही घ्या, नळाच्या गोड्या पाण्याने धुणं मेमध्येच उरका, जुलैत काही वाळत नाही. आतला तळ आधी धुवा. लोखंडी बोट बहुतेकदा तिथूनच सडते.