द हिंदूचं क्रिप्टिक क्रॉसवर्ड, बँकेतले अडीच तास आणि आडवा १२

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी पाच. आता कशासाठी पाच ते सांगायचं तर मागच्या शुक्रवारची सगळी हकिगत सांगावी लागेल, कारण द हिंदू या इंग्रजी पेपरातलं हे कोडं मी गेली बरीच वर्षं सोडवतेय पण त्याची खरी किंमत मला त्या दिवशी कळली.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे आईचा हयातीचा दाखला. बाबांच्या मागे फॅमिली पेन्शन आईला मिळते, त्यामुळे दर वर्षी या महिन्यात बँकेत जाऊन मी आहे बरं का असं सांगून यायचं. सकाळी कोथरूडहून रिक्षा केली, कर्वे रोडला नेहमीसारखं अडकलो, सव्वादहाला बँकेत पोचलो (कुठली ते लिहीत नाही), टोकन मिळालं ४७ नंबरचं. नंबर लागला तेव्हा मशीनवर आईचा अंगठा काही उमटेना. एकदा, दोनदा, मग तर्जनी, मग डावा हात, करत करत दहाही बोटं झाली. आईने तीस वर्षं शाळेत खडू धरला, घरी भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्यात, हात हातात घेतला की कळतं. काउंटरवरचे म्हणाले हात धुवून या. आली धुवून. मग म्हणाले थोडं क्रीम लावा. तेही लावलं. मग सर्व्हरच गेला. चेहरा दाखवूनही हा दाखला होतो, २०२१ पासून ती सोय आहे, म्हणून मी तसं विचारलं, तर ते इथे होत नाही, का होत नाही ते माहीत नाही, तुम्ही बसा जरा. बसलो. आई म्हणाली, "अगं मी समोर उभी आहे, बोलतेय, आणखी काय पाहिजे यांना?" ती रागाने नाही म्हणाली, खरंच विचारत होती, आणि मला काय उत्तर द्यावं सुचेना, डोळ्यात पाणीच यायचं बाकी होतं.

तेव्हा पिशवीतून पेपर काढला.

ज्यांनी कधी क्रिप्टिक सोडवलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या मराठी पेपरात शब्दकोडं असतं त्यात 'कमळ' असं दिलं की तीन अक्षरी 'पंकज' लिहायचं, म्हणजे समानार्थी शब्द माहीत असला की झालं. क्रिप्टिकमध्ये प्रत्येक क्लूचे दोन भाग असतात, एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या खटपटीतून. अक्षरं उलटसुलट करा, एका शब्दाच्या पोटात दुसरा घाला, मागून वाचा, दोन तुकडे जोडा, उच्चारावरून ओळखा, असले प्रकार. सेटरची, म्हणजे कोडं रचणाऱ्याची, कामगिरी अशी की हे दोन भाग मिळून एक साधं सरळ वाक्य वाटलं पाहिजे, सांधा कुठे आहे ते दिसताच कामा नये. आणि उत्तर सापडलं की ते दोन्ही बाजूंनी तपासता येतं, त्यामुळे कुणाला विचारायची गरज राहत नाही, बरोबर आहे ते तुमचं तुम्हाला कळतं.

हिंदूचं ग्रिड पंधरा बाय पंधराचं. सेटर टोपणनावाने येतात, ग्रिडमन, आर्डन, आफ्टरडार्क, इन्कॉग्निटो अशी नावं, आणि काही महिने सोडवलं की नाव न बघताही हात ओळखू यायला लागतो, कोण ॲनाग्राम (अक्षरं विस्कटून केलेले शब्द) जास्त देतं, कुणाला लांबलचक वाक्यं आवडतात. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सेटर आपल्याकडचे, त्यामुळे मधेच इडली येते, रागांची नावं येतात, रेल्वे येते, आणि आपण घरातलेच आहोत असं वाटतं. बाकीचा ब्रिटिश पसारा मात्र शिकावाच लागतो, खलाशी म्हटलं की ए-बी किंवा टार, डॉक्टर म्हटलं की एम-ओ, शांत म्हटलं की एस-एच. पहिले तीन महिने हे सगळं पाठ होईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, पण तो एकदाच.

तर त्या दिवशी. पेपरातले क्लू जसेच्या तसे इथे लिहिणं मला पटत नाही, सेटरच्या मेहनतीचा मान ठेवायला हवा, म्हणून खटका तोच ठेवून शब्द माझे वापरतेय. आडवा १२ साधारण असा होता: 'फ्लॉवर विथ अ मेसेज, पार्टली', इंग्रजी सहा अक्षरं. मला फूल दिसलं. निरोप लावलेलं फूल, किती छान चित्र. सहा अक्षरांची फुलं आठवायला लागले तर ऑर्किड सहा, व्हायोलेट सहा, डेलिया पण सहा. ऑर्किडबरोबर कार्ड पाठवतात म्हणून ऑर्किड असणार असं ठरवलं आणि पेनने लिहून टाकलं. उरलेला भाग तपासलाच नाही. एरवी मी असं कधीच करत नाही. डोकं त्या अंगठ्याच्या मशीनमध्ये अडकलं होतं, काहीतरी एक तरी आज पूर्ण होऊ दे एवढीच इच्छा होती, त्या घाईत झालं.

मग वीस मिनिटं तो सगळा डावीकडचा कोपरा हलेना. वरून खाली येणारा उभा ७ होता, 'लिसन बॅडली, सेइंग नथिंग', हाही सहा अक्षरी. हा तर बघता क्षणी सुटतो, लिसनची सहाच्या सहा अक्षरं विस्कटली की सायलेंट होतं, आणि सेइंग नथिंग म्हणजे सायलेंटच, दोन्ही बाजू पक्क्या. पण सायलेंटचं चौथं अक्षर ई, आणि ते बरोबर ऑर्किडच्या आय या अक्षरावर येऊन बसत होतं. एका घरात दोन अक्षरं कशी राहणार. आणि मी काय केलं, तर सायलेंटवरच शंका घेतली, जे सिद्ध झालेलं होतं त्यावर, आणि जे नुसतं वाटलं होतं ते तसंच ठेवलं, कारण ते पेनने लिहिलेलं होतं.

शेजारी आई तिच्या मराठी पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलने सोडवत होती, तिचं संपत आलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, काय अडलंय? मी म्हटलं फ्लॉवर, सहा अक्षरी, निरोपासकट. ती म्हणाली, "फ्लॉवर म्हणजे भाजी ना? फुलाला कोण फ्लॉवर म्हणतं?"

आता आपल्या घरात खरंच असंच आहे. फ्लॉवर म्हणजे मटार घालून करतात तो फ्लॉवर, मंडईत फ्लॉवर कसा दिला असं विचारलं तर कुणी गुलाब पुढे करत नाही. आई तिच्या बाजूने शंभर टक्के बरोबर होती आणि तिच्या त्या एका वाक्याने माझ्या डोळ्यासमोरचं फूल गळून पडलं. फूल नाही तर मग काय? फ्लो होते ती फ्लॉवर. वाहते ती. नदी! हा क्रिप्टिकमधला फार जुना खटका, मी माझ्या भाच्याला पहिल्याच दिवशी शिकवला होता. मग उरलेले शब्द नीट बघितले, विथ, अ, मेसेज, आणि पार्टली म्हणजे यातला काही भागच घ्यायचा. तिन्ही शब्द इंग्रजीत एकाला एक चिकटवून लिहून बघा, विथच्या शेवटचे टी-एच, मग ए, मग मेसेजचे पहिले एम-ई-एस. थेम्स. लंडनची नदी त्या तीन शब्दांच्या पोटातून सरळ वाहत होती आणि मी वीस मिनिटं काठावर बसून फुलं मोजत होते. थेम्सचं पाचवं अक्षर ई. सायलेंटचा ई. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते त्या चौकटीतल्या एका ई ने दाखवलं.

आईला विचारायचंच होतं, म्हणजे कसं ते मला मराठीत सांग. टोकनच्या मागे मी लिहिलं, 'उपवनात लपलेली नदी', तीन अक्षरी. तिने चष्मा वर केला, म्हणाली उपवनात फार तर ओढा असेल, नदी कशी मावेल. मग बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली, उ, प, व, ना, त, आणि एकदम एवढ्या मोठ्याने "पवना! अगं पवना!" म्हणाली की काउंटरवरच्यांनीही वळून बघितलं. मग दुसरं दिलं, 'मार उलटला, लक्ष्मी आली', दोन अक्षरी. हे तिने अर्ध्या मिनिटात केलं, रमा. तिसरं तिनेच मला घातलं, 'गच्चीवर नवरदेव', दोन अक्षरी, वर, आणि मी म्हटलं आई गच्चीवर मध्येच वर दिसतोय, हे फारच उघड झालं, तर म्हणाली बरं, सुधारून देते.

मग म्हणाली, हे तर आपल्याकडचं कूटच की. आणि व्यासांची गोष्ट सांगायला लागली, गणपतीने अट घातली लेखणी थांबता कामा नये, व्यासांनी उलट अट घातली अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मधे मधे कूटश्लोक टाकले, ८,८०० म्हणतात, गणपती विचारात पडला की व्यास पुढचे श्लोक रचून घेत. आपल्या लॉ कॉलेज रोडच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, तिच्या मुख्य पाठात ही गणपतीची गोष्ट ठेवलेली नाही, मागून आलेली मानलीय, हे मी तिला सांगितलं तर तिला ते अजिबात आवडलं नाही. पण प्रहेलिका, म्हणजे कोडं, हा प्रकार जुना आहे हे खरंच, चौसष्ट कलांमध्ये तिचं नाव आहे आणि दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यादर्शात तिचे सोळा प्रकार सांगितलेत. मला तर मनापासून वाटतं की मराठीत रोज एक असं कोडं यायला हवं. देवनागरीत ॲनाग्राम अवघड जातात, अक्षराला मात्रा चिकटलेली असते, जोडाक्षरं फोडायची कशी हा प्रश्न येतो, पण लपलेले शब्द, उलटे शब्द आणि श्लेष यात आपली भाषा कुणाला ऐकणार नाही.

इंग्रजांनीही हे एका दिवसात केलेलं नाही. पहिलं क्रॉसवर्ड आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये छापलं, ते साधं, शब्दार्थाचं. ते इंग्लंडात गेल्यावर १९२६पासून ऑब्झर्व्हर पेपरात टॉर्केमाडा नावाने येणाऱ्या सेटरने पूर्ण क्रिप्टिक क्लू द्यायला सुरुवात केली. त्याच्यामागे झिमेनीझ आला, मग १९७२ला ॲझेड. टॉर्केमाडा आणि झिमेनीझ ही दोन्ही स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या मुख्य अधिकाऱ्यांची नावं, आणि ॲझेड म्हणजे तसाच आणखी एक अधिकारी डेझा, अक्षरं उलटी करून. छळ करणाऱ्यांची नावं घेतली खरी, पण शिस्त त्यांनीच लावली. झिमेनीझचं म्हणणं असं की क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, न्याय्य खटपट हवी आणि एकही शब्द फालतू नको. त्याच्या आधी १९४९ला आफ्रिट नावाच्या सेटरने सांगून ठेवलंय, सेटरने लिहिलंय तोच त्याचा अर्थ असेल असं नाही, पण त्याला जे सांगायचंय ते त्या लिहिलेल्यात असलंच पाहिजे.

हे आफ्रिटचं वाक्य मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर फार जवळचं वाटलं. समोरून सकाळपासून 'जरा बसा' येत होतं, त्यात काय लपलंय ते शोधून सापडण्यासारखं नव्हतं. हातातल्या कागदावर मात्र एका माणसाने, ज्याला मी कधी भेटणार नाही, मला फसवायला सगळी अक्कल लावली होती आणि तरी उत्तर माझ्यासमोर उघड्यावर ठेवलं होतं, एकही अक्षर कमी नाही की जास्त नाही. मला चिडून चिडून शेवटी आदर वाटतो तो याचाच.

नव्याने सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन की कागदावर सोडवा. मोबाइलवर काही ॲपमध्ये चुकलेलं अक्षर लगेच लाल होतं त्यामुळे स्वतः तपासायची सवय लागत नाही. पेन्सिल घ्या, आईचं ऐका. सुरुवातीला रोज चार-पाच क्लू सुटले तरी खूप झाले, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उत्तरं येतात ती घेऊन उलटं बसायचं आणि हे असं का असेल ते शोधायचं, मी तशीच शिकले. पुण्यात द हिंदू पेपर घरी हवा असेल तर पेपरवाल्याला आधी सांगून ठेवा, आमचा पेपरवाला सांगितलं की हो म्हणतो आणि न चुकता टाकतो.

पावणेएकला सर्व्हर आला, अंगठा परत नाही उमटला, सोमवारी या म्हणाले. रिक्षात आईने गच्चीचा क्लू सुधारून दिला, 'नवरदेव आभाळाकडे बघतो', तो मला आवडला. माझा उभा २१ अजून रिकामाच आहे, दुसरं अक्षर आर आणि शेवटचं वाय एवढंच हातात आहे. उत्तर कधीच छापून आलंय, ते पान मी मुद्दाम उघडलेलं नाही, कागदाची घडी घालून आईच्या बँकेच्या पिशवीत पासबुकाशेजारी ठेवलीय, सोमवारी लागेल.